काठ

रविवारी सकाळी रातपाळी सुटली की
मी घरी जात नाही, सरळ कंबर तलावावर येतो.
कानांत मागांची खटखट चालूच असते,
पापण्यांवर सुताची लव.
शिवलीला मॅडम हातमोजे वाटतात,
उजवे जास्त, डावे कमी.
दर आठवड्याला कुणीतरी डावाच हरवतं.

आम्ही अकरा जण. कधी सहा.
मैनुद्दीनचाचांचा टमटम, गोण्याही त्यांच्याच,
ज्वारीच्या, शिवणीत अजून दाणे अडकलेले.
कॉलेजची दोन पोरं जलपर्णी उपटतात,
उपटताना फुलांचे फोटो काढतात.
आणि यल्लव्वा,
तिला कुणी बोलावलं नव्हतं.
कचरा वेचून विकते ती. पहिल्या दिवशी म्हणाली,
"तुम्ही फुकट करायलात.
मग मी काय करू, सांगा की?"
कुणाकडेच उत्तर नव्हतं.
आता बाटल्या तिच्या,
बाकीचं सगळं आमचं.

बाकीचं म्हणजे
गुटख्याच्या पुड्या, सडके हार,
काच फुटलेल्या फ्रेमा, देव आत भिजलेले,
एक हेल्मेट, त्यात बेडूक,
आणि एकदा गणपतीचा नुसता हात,
आशीर्वाद देणारा.
तो कुठल्या गोणीत टाकायचा
यावर दहा मिनिटं वाद झाला.
शेवटी मैनुद्दीनचाचांनी दोन्ही हातांनी उचलून
लिंबाच्या बुंध्याशी टेकवून ठेवला.
"असू दे इथं, तात्पुरतं."
तीन महिने झाले. तात्पुरतं चालूच आहे.

माझ्या हर्षिणीच्या शाळेत चित्रकलेचा विषय होता:
समुद्रकिनारा स्वच्छ करणारे लोक.
तिनं समुद्र पाहिलेला नाही. मीही नाही.
तिनं लाटा काढल्या, नारळ काढला,
आणि पाण्याभोवती आपला इथला कठडा,
कठड्याला टेकलेली यल्लव्वा, बाटल्यांच्या पोत्यासकट.
बाईंनी लाल पेनानं लिहिलं,
समुद्राला कठडा नसतो.
हर्षिणीनं मला विचारलं,
मग माणसं टेकतात कशाला?

घरी आम्ही तेलुगू बोलतो.
लुगड्याच्या काठाला म्हणतो अंचु,
तळ्याच्या काठाला गट्टु.
मराठीत दोन्हीला एकच शब्द,
हे मला चौथीत कळलं तेव्हा वाटलं,
या लोकांना शब्द पुरले नसतील.

मागच्या रविवारी
पायरीखालच्या चिखलात एक टॉवेल सापडला.
ओढला तर निघेना,
जलपर्णीची मुळं त्याच्यातून आरपार गेलेली,
जणू आणखी कुणीतरी त्याच्यावर
दुसरं काही विणायला घेतलं होतं.
निळा, पांढऱ्या चौकड्यांचा.
अंगठ्यानं चिखल पुसला, काठ बघितला.
वीतभर सोडून एक धागा सुटलेला,
पुढे वीतभर, पुन्हा एक.

सात नंबरचा माग.
गेल्या उन्हाळ्यात धोटा नीट चालत नव्हता.
मालक म्हणाले, "कोण बघतंय, चालू दे."
मी चालू दिला.
किती डझन, आठवत नाही.

"काय सापडलं?" मॅडमनी वरून विचारलं.
"कापड," मी म्हणालो.
विळ्यानं मुळं कापली. अर्धा निघाला.
अर्धा तिथंच राहिला, पाण्याखाली,
एक कोपरा हलत होता.
गोणी जड झाली होती. यल्लव्वानं एक टोक धरलं,
बाटल्या नव्हत्या तरी.

सोमवारी रात्री सात नंबर सुरू केला.
पहिली वीत उतरली तेव्हा
माग थांबवून काठावरून बोट फिरवलं.
शेजारचा अंबाजी ओरडला, "का बे, काय झालं?"
खटखटीत त्याला ऐकू गेलं नसतं,
म्हणून मी काहीच बोललो नाही.
पुन्हा एकदा बोट फिरवलं,
उजवीकडून डावीकडे,
हातमोजा नसलेलं.